करवलीचा पोशाख : मेळ साधावा कसा?

तुळशीचे लग्न लागले, की मराठी घरांत लग्नसराईची बोलणी सुरू होतात. नवरीचा शालू, नवरदेवाची शेरवानी, विहीणबाईंची पैठणी यांवर महिनोन्महिने खल चालतो. करवल्यांनी काय घालावे, हा प्रश्न मात्र बहुधा शेवटच्या पंधरवड्यात निघतो आणि घाईघाईने निकालात काढला जातो. एक रंग ठरवायचा, एकाच दुकानातून सहा-आठ सारख्या साड्या उचलायच्या आणि ब्लाउज शिंप्याकडे टाकायचे. लग्नाच्या दिवशी त्या आठ जणींपैकी दोघी-तिघी खुलून दिसतात; उरलेल्या दिवसभर पदर सावरत, छायाचित्रकाराची नजर चुकवत मागच्या रांगेत उभ्या राहतात. ही छायाचित्रे पुढची तीस-चाळीस वर्षे घरात राहणार असतात, हे ध्यानात घेतले तर या विषयाला थोडा अधिक वेळ देणे योग्य ठरेल.

करवली म्हणजे वधूची किंवा वराची बहीण. सख्खी नसेल तर चुलत, मामे, आते, मावस. मंगलाष्टके चालू असताना ती पाण्याने भरलेला करा किंवा पेटता दिवा हाती घेऊन मागे उभी राहते. घराघरांत तपशील बदलतो. पण तिचे स्थान मानाचे, हे सर्वत्र सारखे. पूर्वी प्रत्येक बाजूला एखाद-दुसरी करवली असे आणि तिने घरातील बरी साडी नेसली की झाले. शहरातील लग्नांत आता शाळेतल्या, महाविद्यालयातल्या, कार्यालयातल्या मैत्रिणीही करवल्यांच्या रांगेत येऊन उभ्या राहतात आणि या सगळ्या जणी एका मेळात दिसाव्यात, अशी अपेक्षा असते. ही अपेक्षा पाश्चात्त्य लग्नांतून आली आहे. १८४० मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या विवाहात बारा तरुणींनी पांढऱ्या पोशाखात तिच्या वस्त्राचा लांब घोळ सांभाळला होता. गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबांत वधूच्या सोबतिणीला 'धेडी' म्हणतात आणि तिच्या पोशाखाचा विचार तेथे वधूच्या पोशाखाबरोबरच होतो. आपल्याकडे करवलीचा मान जुना असला तरी करवल्यांचा 'संच' ही कल्पना नवी आहे. त्यामुळे तिचे संकेत अजून ठरायचे आहेत आणि ते ठरवण्याची मोकळीकही आपल्याला आहे.

आधी काम, मग कपडा

पोशाख निवडताना सर्वप्रथम करवलीला त्या दिवशी करायची कामे डोळ्यांपुढे आणावीत. तिला अर्धा तास उभे राहायचे असते, मग जमिनीवर बसायचे असते, नवरीच्या निऱ्या सावरायच्या असतात, नवरदेवाच्या चपला लपवून पळायचे असते आणि पंगतीत आग्रह करत वाकायचे असते. केवळ आरशासमोर उभे राहून निवडलेला कपडा या परीक्षेत उतरतोच असे नाही. नवा पोशाख घरी घालून एकदा मांडी घालून बसावे, दोन्ही हात डोक्यावर न्यावेत आणि एक जिना चढावा. बाही काखेत ओढली जाते की नाही, ते तेवढ्यात कळते.

दुसरी गोष्ट दिव्याची. हातात पेटती ज्योत, पाठीमागे गर्दी, डोक्यावर पंखा आणि खांद्यावरून मोकळी सोडलेली जाळीची ओढणी, हा योग धोक्याचा आहे. नायलॉन, पॉलिएस्टर यांसारखे कृत्रिम धागे पेटतात तेव्हा वितळतात आणि त्वचेला चिकटतात. सुती कापडही झटकन पेट घेते. रेशीम त्या मानाने सावकाश जळते. म्हणून दिवा घेणाऱ्या करवलीचा पदर निऱ्या घालून खांद्यावर पक्का टाचलेला असावा, किंवा ओढणी कमरेशी खोचलेली असावी. बाहीला लोंबत्या झालरी नसाव्यात. होमाजवळ बसणाऱ्या मुलींनाही हेच लागू. सौंदर्याच्या चर्चेत हा मुद्दा कोणी काढत नाही. पण साड्यांची निवड करताना तो पहिल्या पाचात असायला हवा.

तिसरी गोष्ट उंचीची. परदेशी नियतकालिके सांगतात, की ज्या टाचांची पादत्राणे घालणार त्या घालूनच घोळाचे माप द्यावे. आपल्याकडे मांडवात पादत्राणे काढावी लागतात. टाचा घालून मापलेला घागरा अनवाणी चालताना तीन बोटे जमिनीवर लोळतो आणि पहिला पाय त्यावरच पडतो. माप अनवाणीच द्यावे.

नवरीशी स्पर्धा नको

महाराष्ट्रातील पुष्कळ घरांत नवरी एकाच दिवशी दोन-तीन साड्या बदलते. गौरीहर पूजताना मामाकडची पिवळी अष्टपुत्री, त्यानंतर शालू आणि स्वागतसमारंभाला आणखी काही. करवल्यांचा रंग ठरवताना यांपैकी कोणत्या साडीत नवरी सर्वाधिक वेळ त्यांच्या शेजारी असेल, ते आधी विचारावे. सहसा उत्तर शालू किंवा पैठणी असे येते. शालू हिरवा असेल तर करवल्यांसाठी हिरवा आणि पोपटी बाजूला ठेवावा. डाळिंबी, आमसुली, राणी, मोतिया असे रंग त्याच्याजवळ चांगले बसतात. नवरी लाल किंवा राणी रंगात असेल तर मोरपंखी, चिंतामणी, शेवाळी, बदामी यांचा विचार करावा. पिवळा रंग मात्र हळदीच्या कार्यक्रमापुरताच ठेवलेला बरा, नाहीतर विधीच्या छायाचित्रांत नवरी कोणती, हे शोधावे लागते.

याचा अर्थ करवलीने फिके दिसावे, असा नाही. १९९४ च्या 'हम आपके हैं कौन' या चित्रपटात रेणुका शहाणे नवरी होती आणि माधुरी दीक्षित तिची धाकटी बहीण, म्हणजे आपल्या भाषेत करवलीच. पुढे अनेक वर्षे बाजारात नक्कल झाली ती करवलीच्या जांभळ्या पोशाखाची. २०११ मध्ये ब्रिटिश राजपुत्र विल्यम यांच्या विवाहात वधूच्या बहिणीने घातलेल्या साध्या मोतिया रंगाच्या पोशाखाचीही अशीच चर्चा झाली. एका ठिकाणी पोशाख भरजरी, दुसरीकडे अगदी साधा; दोन्हींत समान एवढेच, की तो घालणारीच्या अंगावर नेमका बसला होता.

एकच धागा पुरतो

येथे या लेखाचा मुख्य मुद्दा येतो. आठ जणींचा मेळ दिसण्यासाठी साडी, रंग, काठ, ब्लाउज, दागिने आणि केशरचना हे सर्व सारखे असण्याची गरज नाही. यांपैकी एकच गोष्ट समान ठेवावी आणि बाकीचे जिचे तिच्यावर सोपवावे. सगळेच सारखे केले, की पाहणाऱ्याची नजर आपोआप तुलना करू लागते: हीच साडी हिला शोभते, तिला शोभत नाही. कपडा सारखा झाला की फरक उरतो तो फक्त शरीरांचा, आणि तोच ठळक होतो.

समान धागा कोणता असावा, याचे उत्तम उदाहरण आपल्या जुन्या इरकलीत आहे. कर्नाटकातील इलकल गावच्या या साडीचे अंग काळे, निळे, हिरवे, आमसुली असे कोणतेही असले तरी परंपरेने तिचा पदर लाल आणि त्यावर पांढरी नक्षी. पाच जणींनी पाच रंगांच्या इरकली नेसल्या तरी पदर त्यांना एका सूत्रात बांधतो. शिवाय ही साडी सुती, रेशमी आणि मिश्र अशा प्रकारांत मिळत असल्याने ज्येष्ठ वहिनीने रेशमी आणि महाविद्यालयात शिकणाऱ्या बहिणीने सुती घेतली तरी रांगेत ते खुपत नाही.

दुसरा मार्ग ब्लाउजचा. घरातील कपाटांतून आई, मावशी, आत्या यांच्या पैठण्या, नारायणपेठी, माहेश्वरी बाहेर काढाव्यात, एकमेकींना शोभतील अशा निवडाव्यात आणि सर्वांसाठी एकाच खणाचे किंवा एकाच जरीच्या कापडाचे ब्लाउज शिवावेत. खर्च कमी, साड्या अस्सल आणि प्रत्येकीच्या अंगावर घरातील कोणाची तरी आठवण. गुळेदगुड्डच्या खणाचा पन्हा मात्र लहान असतो. ज्यांना लांब बाही हवी किंवा ज्यांचे माप मोठे आहे त्यांच्यासाठी एकाऐवजी दोन खण लागतात, हे आधीच गृहीत धरावे. ऐन वेळी तेवढ्याच रंगाचा खण मिळत नाही आणि नेमक्या त्याच मुलीच्या बाहीला वेगळ्या कापडाचा जोड लागतो.

तिसरा मार्ग रंगाच्या कुळाचा. 'वांगी रंग' असा एकच ठिपका न ठरवता गुलबक्षी, राणी, डाळिंबी, वांगी, जांभळा अशी एका कुळातील रांग ठरवावी आणि जिला जो शोभेल तो तिने घ्यावा. छायाचित्रात उभे करताना फिक्यापासून गडदापर्यंत ओळीने उभे केले तर तो मेळ मुद्दाम केलेला आहे, हे कोणाच्याही लक्षात येते. मराठीत रंगांना फळाफुलांची इतकी नावे आहेत, की दुकानात 'पर्पलमध्ये दाखवा' म्हणण्याची खरे तर गरज पडू नये.

कोणाला काय शोभते

'सावळ्या मुलीने गडद रंग नेसू नयेत' हा आपल्या घराघरांत मुरलेला सल्ला चुकीचा आहे. उलट भरगच्च रंग, म्हणजे मोरपंखी, डाळिंबी, राणी, मोहरीसारखा पिवळा, सावळ्या कांतीवर विलक्षण खुलतात. अडचण येते ती राखाडी झाक असलेल्या फिकट रंगांची. ते काही कांतींवर निस्तेज दिसतात. गेली काही वर्षे लग्नांत फिकट गुलाबी, फिकट पिस्ता अशा रंगांची चलती आहे. गोऱ्या मॉडेलच्या छायाचित्रावरून असा रंग ठरवून तो आठ मराठी मुलींवर लादला, की त्यांतल्या निम्म्यांच्या चेहऱ्याचे तेज उतरते आणि दोष मात्र त्यांच्या वर्णाला दिला जातो. रंग ठरवण्याची खात्रीची रीत एकच. कापड हनुवटीखाली धरून दिवसाच्या उजेडात आरशात पाहावे. आधी चेहरा दिसला तर रंग योग्य, आधी कापड दिसले तर दुसरे पाहावे.

अंगकाठीचा विचार रंगाहून अधिक कापडाच्या स्वभावावर अवलंबून असतो. टिश्यू, ऑर्गन्झा, कडक खळीची सुती साडी ही कापडे अंगापासून उभी राहतात. सडपातळ मुलीला ती भरीव करतात, स्थूल मुलीला आणखी रुंद. जॉर्जेट, क्रेप, मऊ रेशीम अंगासरशी पडतात, म्हणून भरल्या अंगाच्या बायकांना ती सोयीची. पण फारच पातळ असतील तर पोटावरची प्रत्येक घडी दाखवतात. चंदेरी या दोन्हींच्या मधली आहे आणि सात-आठ निरनिराळ्या बांध्यांच्या मुलींसाठी एकच कापड निवडायचेच असेल तर ती पुष्कळ अडचणी सोडवते. बुटक्या मुलीला वीतभर रुंदीचा काठ अर्ध्यात कापतो. तिला चार बोटांचा काठ पुरे. उंच मुलीला रुंद काठ शोभतो आणि चौकडीही.

ब्लाउजच्या बाहीबद्दल एक साधा नियम आहे: दंडाच्या सर्वांत जाड भागावर बाही संपवू नये. ती कोपरापर्यंत न्यावी किंवा बरीच वर थांबवावी. गळा आणि पाठ यांबाबत सर्वांना एकच नमुना देण्याचा आग्रह तर मुळीच धरू नये. एखादीला उघडी पाठ आवडते, एखादीला त्या विचारानेच संकोच वाटतो. कापड तेच ठेवून प्रत्येकीने आपापल्या शिंप्याकडून आपल्या पसंतीचा गळा शिवून घेतला तर मेळ मुळीच बिघडत नाही.

तयार शिवलेल्या नऊवारीची हल्ली चलती आहे. नेसण्याचे कौशल्य नसलेल्या मुलींना ती वरदान आहे, परदेशातील लग्नांत मराठी नवरीच्या अमराठी मैत्रिणींना तर फारच. पण शिवलेल्या नऊवारीचा काष्टा हा एका मापाचाच असतो. कंबरेचे माप देऊन भागत नाही. नितंब, मांडी आणि कंबरेपासून घोट्यापर्यंतची उंची ही मापेही द्यावी लागतात. भाड्याने आणलेली 'सर्वांना येते' म्हणून सांगितलेली नऊवारी खाली बसताना काष्ट्यात उसवते, हा अनुभव नवा नाही.

दुकानात गेल्यावर

मुंबईत हिंदमाता किंवा मंगलदास मार्केट, पुण्यात लक्ष्मी रस्ता, नागपुरात इतवारी. खरेदी कोठेही असो, तीन गोष्टी पाळाव्यात. एक, ब्लाउज किंवा घागऱ्याचे कापड सर्वांसाठी एकाच वेळी, एकाच ताग्यातून घ्यावे. रंगाई वेगळ्या खेपेची असेल तर रंगाचे नाव तेच राहते, पण छटा बदलते आणि हा फरक दुकानात दिसला नाही तरी छायाचित्रात हमखास दिसतो. दोन, कापड दुकानाच्या दारात नेऊन पाहावे. ट्यूबलाइटखाली एक दिसणारे दोन जांभळे रंग उन्हात वेगळे पडतात. मंगल कार्यालयातल्या पिवळ्या प्रकाशात पुन्हा तिसरेच काही दिसते, म्हणून समारंभ संध्याकाळचा असेल तर घरच्या पिवळ्या दिव्याखालीही एकदा पाहावे. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असलेले धूपछाव कापड तर वळणागणिक रंग बदलते. ते देखणे असते. फक्त त्याच्याशी 'मॅचिंग' शोधण्याचा हट्ट करू नये. तीन, ठरलेल्या संख्येपेक्षा एका ब्लाउजचे कापड जास्त घ्यावे.

पैठणीचा मोह अनेकांना होतो. हातमागावरची अस्सल पैठणी विणायला तिच्या कामानुसार काही आठवडे ते काही महिने लागतात. तेव्हा आठ करवल्यांना सारख्या आठ पैठण्या, हा बेत येवल्यातल्या विणकरालाही बराच आधी सांगावा लागेल आणि खिशालाही. यंत्रमागावरची 'सेमी पैठणी' नेसण्यात काहीच कमीपणा नाही, मात्र ती पैठणी म्हणून पैठणीच्या भावाने घेऊ नये. रेशीम अस्सल आहे याची खूण म्हणून २००४ पासून 'सिल्क मार्क' आणि हातमागासाठी २००६ पासून 'हँडलूम मार्क' दिला जातो. ही चिठ्ठी मागून घ्यावी.

लग्न मे महिन्यातले आणि कार्यालय बिनवातानुकूलित असेल तर एकरंगी फिकट सॅटिन किंवा कच्चे रेशीम टाळावे. काखेतील घामाचे डाग त्यावर पहिल्या तासातच उमटतात. बारीक नक्षीचे, बुट्टीचे किंवा गडद कापड ते झाकून घेते. अस्तर सुती असावे, हे वेगळे सांगायला नको.

पैसे आणि माणसे

खर्च कोणी करायचा, याबद्दल उघड बोलणे आपल्याला जड जाते. नात्यातल्या करवलीची साडी आहेरात धरली जाते, पण मैत्रिणींचे काय? नवरीने रंग, कापड आणि दुकान ठरवून मैत्रिणींना फक्त रक्कम कळवावी, ही प्रथा रूढ होऊ पाहते आहे. नोकरी नुकतीच लागलेल्या मुलीला ती रक्कम महिन्याचे गणित बिघडवणारी असू शकते आणि 'नाही' म्हणणे म्हणजे मैत्री नाकारणे, असे तिला वाटते. जो सारखेपणाचा आग्रह धरतो त्याने त्याचा खर्च सोसावा, हा न्याय सरळ आहे. ते शक्य नसेल तर फक्त रंगाचे कूळ सांगावे. मग कोणी आठ हजारांची साडी नेसेल, कोणी आठशेची, आणि मेळ तरीही राहील.

काही करवल्यांचा विचार कपडे ठरवताना सुटून जातो. गरोदर बहिणीचे माप दोन महिन्यांपूर्वी घेऊन उपयोग नाही. तिच्या ब्लाउजला दोन्ही बाजूंना भरपूर माया ठेवायला शिंप्याला सांगावे आणि शेवटची शिलाई लग्नाच्या आठवड्यात मारावी. तान्हे मूल असलेल्या बहिणीचा ब्लाउज पुढून हुकांचाच हवा. मागे दोऱ्या बांधलेला एकसारखा ब्लाउज तिच्या गळ्यात मारला, तर दर दोन तासांनी तिला कोणाला तरी हाक मारावी लागेल.

आणि पतिनिधन झालेली बहीण? तिला करवलीच्या रांगेतून वगळले जाते ते बहुतेकदा शब्दांनी नव्हे, कपड्यांनी. सर्वांच्या साड्या एका रंगाच्या येतात आणि तिच्यासाठी 'तुला आवडेल अशी' एक फिकट साडी बाजूला ठेवलेली असते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. ठराव गावाने केला तरी साड्यांची यादी घरातच होते. त्या यादीत तिचे नाव बाकीच्यांच्याच रंगासमोर लिहिले जावे आणि दिवा धरायला आवडेल का, हे तिलाच विचारावे.

वेळेचा हिशेब असा: रंग आणि समान धागा तीन महिने आधी ठरवावा, कापड दोन महिने आधी हाती यावे, कारण दिवाळी आणि लग्नसराई एकत्र आली की शिंपी तारखा पाळत नाहीत. पहिली चाचणी महिनाभर आधी, आणि तीही ज्या अंतर्वस्त्रांवर व परकरावर तो पोशाख घालायचा आहे त्यांवरच. साड्यांना फॉल-पिको करून त्या एकदा नेसून पाहाव्यात. गडद सुती कापडाचा रंग जातो का, हे एका कोपऱ्याला ओला पांढरा रुमाल चोळून तपासावे. डाळिंबी ब्लाउजने शेजारणीच्या मोतिया पदरावर रंग सोडलेला दुपारी दोन वाजता कळून उपयोग नसतो. लग्नाच्या दिवशी एका करवलीच्या पिशवीत सुई-दोरा, दहा-बारा मोठ्या सेफ्टी पिना, सुटे हुक आणि जास्तीचा एक परकर असावा, आणि ती पिशवी कोणाकडे आहे हे बाकीच्या सर्वांना ठाऊक असावे.